आधी लाइन, मग मोटर

या आठवड्यात माझ्या टेबलावर रजेचे अर्ज साचले आहेत. कारणाच्या रकान्यात बहुतेकींनी एकच शब्द लिहिला आहे: रोवणा, म्हणजे धानाची लावणी. मी भंडाऱ्यात मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल आहे. पाणी कुठल्या भागात पुरेसं झालं हे मला आभाळापेक्षा या अर्जांवरून आधी कळतं. काल एक मुलगी दारात चुळबुळत उभी होती.

"मॅडम, आईसंगं रोवाले जा लागते. बाया नाही भेटून राहिल्या."

"आणि परीक्षा?"

"परीक्षेले येतो ना मी. पऱ्हे थोडीच थांबते परीक्षेसाठी?"

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, आणि ती खरंच थांबत नाहीत. वेळेत उपटून चिखलात लावली नाहीत तर जून होतात, मग फुटवे धरत नाहीत. मी सही केली.

या मुली परत येतात तेव्हा त्यांच्या बोटांची टोकं पांढरी, मऊ पडलेली असतात. पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या असतात. जेवणाच्या रांगेत ताटं पुढे येतात आणि माझं लक्ष ताटाआधी हातांकडे जातं. नखात अडकलेला चिखल, विळ्याने कापलेलं बोट, मेंदीचा उरलेला रंग. ताट घट्ट धरलं आहे की नाही, हे मी पाहते. लोकांचे हात पाहायची ही सवय मला एका रोवण्यात लागली. ऋतू गेला, सवय राहिली.

माझा धाकटा भाऊ नरेश माझ्या माहेरी, करडी गावात, मोटर भरायचा. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळलेल्या मोटरी त्याच्या दुकानात यायच्या. तो त्यांची काळी पडलेली तार उपसून काढायचा आणि नवी तांब्याची तार खाचांमध्ये एकेक वेढा बसवत भरायचा. दुकानात कायम वार्निशचा आणि जळक्या कागदाचा वास असायचा. मी माहेरी गेले की आधी तिथेच थांबायचे, स्टुलावर बसायचे आणि त्याचे हात चालताना बघायचे. तोंडाने तो गिऱ्हाइकाशी भांडत असायचा आणि हात आपले निराळे, त्या भांडणाशी संबंध नसल्यासारखे शांतपणे चाललेले असायचे.

"नरेशभाऊ, मोटर गेली जी," असं म्हणत कोणी आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"मोटर गेली हे तुले कोणं सांगतलं? लाइन पाह्यली का? स्टार्टर पाह्यला? केबल?"

"नाही जी."

"मंग खांद्यावर वाहून काहून आणली? आधी लाइन, मग स्टार्टर, मग केबल. समदं बरोबर निघालं तरच मोटर. एकदा खोलली का पयलेसारखी होत नाही ते."

त्याने लग्न केलं नव्हतं. आई आणि तो, दोघंच घरी. शेती थोडी होती, तळ्याच्या पाण्यावरची.

त्या वर्षी मृग लागायच्या सुमारास त्याच्या हातातून तार निसटायला लागली. तो म्हणाला, आजकाल तार पातळ येऊन राहिली. चहाचा ग्लास पडला, तर ग्लास वल्ला होता. डाव्या पायातली चप्पल चालताना मागे राहायची, तर पट्टा सैल होता. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण ऐकायला बरोबर वाटायचं. आई त्याला रोज दूध प्यायला लावायची. मी भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी त्याला मूठ आवळायला लावली, बोटं पसरायला लावली, अंगठ्याच्या खालचा गोळा दाबून पाहिला. तो गोळा ओसरला होता, तळहात तिथे सपाट झाला होता. मग त्यांनी नागपूरच्या नसांच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली.

"रोवणा होऊ दे," नरेश म्हणाला. चिठ्ठी खिळ्याला लागली.

मला तेव्हा वाटायचं, माणूस भितो म्हणून टाळतो. तसं नव्हतं. तो स्वतःलाही त्याच क्रमाने तपासत होता. आपली मोटर खोलण्याआधी त्याला बाहेरचं सगळं निर्दोष आहे याची खात्री हवी होती. आणि बाहेरच्यातलं शेवटचं राहिलं होतं ते म्हणजे माझा जुना लॅपटॉप.

आयटीआयला असताना तो भंडाऱ्यात बसस्टँडजवळच्या गेम पार्लरमध्ये जाऊन बसायचा. ते पार्लर बंद पडलं तेव्हा तिथला गेम खेळायचा एक डबा त्याने घरी आणला, टीव्हीला जोडायचा, डिस्क घालून खेळायचा. त्याबरोबर एकच डिस्क शाबूत होती. डोक्यावर दिवा लावलेला एक जाडा खाणकामगार कोसळत्या खाणीतून धावत सुटतो, असा तो खेळ. त्या खाणकामगाराचं पोट आमच्या सिहोऱ्याच्या मामासारखं होतं, म्हणून आम्ही त्याला मामाच म्हणायचो. मी तेव्हा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होते. पुस्तक मांडीवर आणि कंट्रोलर हातात. खेळात एक तुटका पूल होता. पुलाच्या टोकावरून उडी मारायची आणि हवेत असतानाच दुसरं बटण दाबून पलीकडची साखळी धरायची. नरेश ते डोळे मिटून करायचा. मला कधीच जमलं नाही.

"ताई, तुनं मामाले पुन्हा मारलं."

"तुझ्या मामाला पोट कमी करायला सांग."

आई चुलीपासून ओरडायची, "काहून जी, माह्या भावाले कोण मारून राहिलं?"

पुढे त्या डब्याची लेन्स गेली. डिस्क मात्र नरेशने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती. त्या वर्षी त्याने लॅपटॉपमध्ये एम्युलेटर टाकला. एम्युलेटर म्हणजे असं सॉफ्टवेअर की जे लॅपटॉपला त्या जुन्या डब्याचं सोंग घ्यायला लावतं. मामा पडद्यावर परत आला, पण अडखळत. चित्र थांबून थांबून चालायचं, आवाज तुटायचा. आणि नरेशचा मामा दरवेळी त्या पुलाखाली पडायचा.

"लॅग हाय, ताई. मी दाबतो तवा ते घेतच नाही."

"आणि लॅग नसला तर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो मूर्ख नव्हता. मी काय विचारलं ते त्याला कळलं होतं.

"हे सुरळीत चालव. त्याच्यावरही माहा हात चुकला, तर येतो मी नागपूरले. रोवणा असो का काही असो."

असा आमचा करार झाला. मी कामाला लागले. माझा स्वभाव तसाच आहे. समोर काम आलं की मी त्याचे तुकडे करते, क्रम लावते आणि एकेक तुकडा संपवते. दर रविवारी स्कूटीने करडीला जायचं, आईच्या हातचं जेवायचं आणि ओसरीवर लॅपटॉप उघडायचा. समोर रस्त्यावरून बाया रोवायला जाताना दिसायच्या, डोक्यावर प्लास्टिकच्या घोंगड्या, हातात भाकरीचे डबे. हवेत सगळीकडे चिखलाचा वास असायचा. घाण म्हणता येणार नाही असा, आंबट आणि थंड. अजूनही तो वास आला की मला पंख्याची घरघर ऐकू येते, लॅपटॉपच्या आतल्या छोट्या पंख्याची.

तो पंखा आधी साफ केला. आत धानाच्या भुशाची धूळ बसली होती. एरवी या कामाला नरेशने मला हात लावू दिला नसता. त्या दिवशी स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे सरकवून म्हणाला, "स्क्रू लहान हाय, तूच कर." मी केलं. मोटरीतले याहून बारीक स्क्रू त्याने आयुष्यभर काढले होते, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग कळलं की बॅटरीवर लॅपटॉप आपला वेग स्वतःच कमी करतो. म्हणजे खेळायचं ते लाइट असतानाच, चार्जर लावून. चित्राचा आकार वाढवून ठेवला होता, तो मूळ डब्याइतका खाली आणला. प्रत्येक बदलानंतर मामा थोडा सुधारायचा. नरेशला खेळायला द्यायचं, तो पडायचा, म्हणायचा, "आता पयलेपेक्षा बरं हाय, पण अजून हाय."

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मल्टिथ्रेडिंगच्या पानावर. मी इंटरनेटवर वाचत होते आणि मला काही उलगडत नव्हतं. उलगडलं ते आमच्याच बांदीत, धानाच्या वाफ्यात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर उभं राहिल्यावर. रोवण्यात एक जण पऱ्हे उपटतो, एक जण त्यांच्या मुठी चिखलात फेकत जातो आणि बाया मागे सरत सरत रोवतात. एकाच माणसाने तिन्ही कामं केली तर दिवस पुरत नाही. आमचा लॅपटॉप म्हणजे तो एकटा माणूस होता. मल्टिथ्रेडिंग चालू केलं की खेळाचा हिशोब प्रोसेसरचा एक कोअर करतो, चित्र काढायचं काम दुसरा घेतो, दोन्ही एकाच वेळी चालतात. मी ते चालू केलं आणि मामा एकदम धावायला लागला. मला इतका आनंद झाला की मी लगेच थ्रेड, म्हणजे राबणारे हात, आणखी वाढवले. मामा पुन्हा अडखळला. त्या जुन्या लॅपटॉपला दोनच कोअर होते. बांदीत बाया भरमसाट उतरवल्या आणि मुठी फेकणारा एकच असला, तर बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात आणि एकमेकींच्या पायात येतात. मी थ्रेड पुन्हा कमी केले. चित्र सरळ चाललं, आवाज जुळला.

"समदं गुळगुळीत हाय," नरेश म्हणाला. मग उडी मारली, पडला. "पण बटण उशिरा घेऊन राहिलं. पाह्य, मी दाबलं, मंग त्यानं उडी मारली."

मला वाटलं, आता कारणं संपली आहेत आणि हा उगाच शोधतो आहे. पण तो खरं बोलत होता. मल्टिथ्रेडिंग चालू असताना एम्युलेटर तयार चित्रं रांगेत ठेवतो, म्हणून डोळ्यांना दिसतं ते थोडं जुनं असतं. तेवढ्याने बोट आणि उडी यांच्यात फरक पडतो. हे मी वाचलं आणि ओसरीवर एकटीच हसले. त्याचं बरोबर होतं! अजून यंत्रात दोष शिल्लक होता. त्या आठवड्यात मी वसतिगृहात सगळ्यांशी गोड बोलत होते, स्वयंपाकीण विचारायला लागली की मॅडमना झालं काय. माझं सगळं आयुष्य बिघाड शोधण्यात आणि मिटवण्यात गेलं आहे, गळका नळ, जळका बल्ब, हरवलेली किल्ली. एखाद्या यंत्रात बिघाड निघावा आणि तो निघतच राहावा अशी इच्छा मी आयुष्यात तेवढी एकदाच केली.

पुढच्या खेपेला मी ती चित्रांची रांग सर्वांत लहान केली. नरेश दुकानात होता, आई परसात. म्हटलं, त्याच्या हातात देण्याआधी आपण बघावं. मामाला पुलावर नेलं. टोक आलं. मी बटण दाबलं, मामा त्याच क्षणी उडाला, मी दुसरं दाबलं आणि साखळी हातात आली. मामा पलीकडे गेला. माझ्या हातून, आयुष्यात पहिल्यांदा.

मी कंट्रोलर खाली ठेवला. माझ्यासारख्या अडाणी हाताला जमलं, म्हणजे आता यंत्रात काही उरलं नव्हतं. परसात आई कोंबड्यांना हाकलत होती, तिचा आवाज येत होता. मी उठले, तोंड धुतलं, आणि आत जाऊन भाजी निवडायला बसले.

नागपूरला काय सांगितलं ते इथे लांबवत नाही. स्नायूंना जाणारी नस मरत जाते, असा तो आजार. औषध नाही म्हटलं तरी चालेल. त्यानंतर आम्ही मामा खूप खेळलो. आधी त्याचं एक बटण मी घेतलं, मग दोन. मग कंट्रोलर माझ्या हातात आणि तो शेजारी उशीला टेकून, "उडी... साखळी... अजून नाही, अजून नाही, मार!" असं सांगत असायचा. बोलणं जड झाल्यावर तो भुवई उचलायचा. त्याची भुवई आणि माझं बोट यात उशीर होऊ नये म्हणून मी पडद्याकडे बघणंच सोडलं, त्याच्या चेहऱ्याकडे बघून खेळायचे. मामा पडला की तो हसायचा. हसणं शेवटपर्यंत त्याच्याकडे राहिलं. आता बांदी बटईने दिली आहे. दुकानाच्या जागी कोणी मोबाइल दुरुस्तीवाला बसतो, आणि त्याच्या दारावरून जाताना वार्निशचा वास येत नाही याचं मला दर खेपेला नवल वाटतं.

पण हे सगळं नंतरचं. मला आठवतो तो त्या वर्षीच्या रोवण्याचा शेवटचा दिवस.

शेवटच्या दिवशी आमच्याकडे बाया मालकाला चिखल लावतात. मालक पळतो, त्या धुऱ्याधुऱ्याने मागे धावतात, धरतात, डोक्यापासून पायापर्यंत माखतात आणि जेवणाचं कबूल करून घेतात. नरेश दरवर्षी पार तळ्याच्या पाळीपर्यंत पळवायचा त्यांना. त्या दिवशी तो धुऱ्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. शेवटची मूठ लागली. बाया हसत, ओरडत ओंजळी भरून वर आल्या. सर्वांत पुढे कौसल्याबाई, गावातल्या सगळ्या रोवण्यांची तीच पुढारी. ती आमच्यासमोर आली, तिने त्याच्या पायांकडे पाहिलं आणि थांबली. तिच्या मागच्याही थांबल्या. बोटांमधून चिखल गळत होता.

"राहू द्या वो," कौसल्याबाई मागे वळून म्हणाली. "भाऊनं चांगले कपडे घातले आज."

कपडे रोजचेच होते.

"काहून जी, कौसल्याबाई?" नरेश म्हणाला. "मी का पाव्हणा हाव? यंदा मले सोडता?"

"मंग पळा ना जी."

"यंदा नाही पळत. या."

ती जवळ आली. इतर वर्षी फेकायची तसा तिने चिखल फेकला नाही. नवरदेवाला हळद लावतात तसा दोन्ही गालांना लावला, हळूच. मागून एक तरुण बाई म्हणाली, "आता तरी लगन करा जी भाऊ!" आणि कोणी हसलं नाही, तेव्हा तीच गप्प झाली.

आम्ही घरी आलो. त्याने तोंड धुतलं नाही. लाइट होती. ओसरीवर बसत म्हणाला, "आण तो लॅपटॉप. झाला म्हणत होती ना?"

"झाला."

मी चार्जर लावला, खेळ सुरू केला. मामा पुलावर धावला. चित्र कुठे थांबलं नाही, आवाज कुठे तुटला नाही. नरेशने बटण दाबलं, मामा तत्क्षणी उडाला. दुसरं बटण दाबायला अंगठा निघाला, मी तो निघताना पाहिला. तो पोचेपर्यंत मामा खाली गेला होता. नरेशने पुन्हा सुरू केलं. पुन्हा. डाव्या हाताने उजवा अंगठा धरून एकदा. गालावरचा चिखल वाळून त्याला तडे जात होते. या खेपेला तो काहीच म्हणाला नाही, लॅग नाही, बटण नाही. पाच-सहा खेपा झाल्यावर त्याने कंट्रोलर उलटा करून मांडीवर ठेवला.

"नागपूरची सकाळची गाडी कितीची हाय, ताई?"

"मी विचारून ठेवते."

"विचार."

तेवढ्यात आई आतून आली. बायांच्या जेवणासाठी तळण चाललं होतं, तिच्या हातात झारा तसाच. गेले कित्येक दिवस ती गावात सगळ्यांना सांगत होती की पोराचा हात बरा आहे, तो लॅपटॉपचा डबाच मेला खराब आहे, पोरगी दुरुस्त करून राहिली. पडद्यावर चित्र स्वच्छ दिसत होतं, तिने ते पाहिलं आणि आम्हा दोघांकडे पाहिलं.

"झाला का वो एकदाचा दुरुस्त?"

नरेश बोलला.

"झाला, आई. पुरा झाला. आता त्याच्यात काहीच दोष नाही."

आईने झाऱ्यासकट हात जोडले. "सुटली बाप्पा मी," ती म्हणाली. "आता खेळ बिनघोर."